पायरी उतरलात की साल बदलतं

नियम साधा आहे. आरव्हीत आहात तोवर आजचा दिवस. दाराखालची लोखंडी पायरी उघडून जमिनीला पाय लावलात की समोर कुठलं साल येईल, त्याचा भरवसा नाही. परत चढलात की ओट्यावरचा चहा होता तसाच, त्यावर साय धरायच्याही आत. गाडीत तुमच्याबरोबर आई-बाबा आहेत, साताऱ्याहून उन्हाळ्यापुरते आलेले, आणि दहा वर्षांची लेक. त्यांच्यासाठी पायरी म्हणजे नुसती पायरी. साल बदलतं ते तुमच्यापुरतं.

सिअॅटलहून निघून, मोन्टाना आडवं कापून तुम्ही आता २८७ नंबरच्या रस्त्यानं दरीत शिरता आहात. यलोस्टोनचं पश्चिमेकडचं फाटक अजून बरंच पुढे आहे. उजव्या हाताला एक लांबट तळं लागतं. पाण्यातून वाळक्या झाडांचे सोट उभेच्या उभे वर आलेले. बाबा म्हणतात, ‘‘धरणात बुडालेलं रान दिसतंय.’’ धरणच आहे, फक्त ते कुणी बांधलेलं नाही. तुम्ही गाडी बाजूला घेता, पाय मोकळे करायला उतरता.

रात्र. लख्ख चांदणं. १७ ऑगस्ट १९५९. रॉक क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलर आणि तंबू ओळीनं उभे आहेत. एका ट्रेलरला गळ टेकवून ठेवलेत, दोरीवर पोरांचे पोहण्याचे कपडे वाळताहेत. कुणीतरी गॅसबत्ती मालवतं. तुम्हाला हे सगळं ओळखीचं वाटतं: पाण्याची बादली, चाकाखाली सरकवलेली फळी, दाराशी काढलेली चिखलाची पायताणं. अकरा वाजून सदतीस मिनिटांनी पायाखालची जमीन हलते. मग पलीकडचा डोंगर सुटतो. आधी वारा येतो, गाड्या उलथवणारा, अंगावरचे कपडे ओरबाडणारा, आणि त्यामागून आठ कोटी टन दगडमाती. मिनिटभराच्या आत नदी आडवी बुजलेली असते आणि कॅम्पग्राउंडचा मोठा भाग त्या दगडमातीखाली गेलेला असतो. वाचलेले लोक अंधारात उंचावर चढताहेत, कारण अडलेलं पाणी आता मागे भरू लागलंय. वरच्या अंगाला हेबगेन नावाचं खरंखुरं धरण आहे. त्याच्या माथ्यावरूनही पाणी उसळून गेलं, पण धरण टिकलं. त्या भूकंपात २८ माणसं गेली. त्यांतली बरीचशी आजही त्या ढिगाऱ्याखालीच आहेत.

तुम्ही पायरीवर पाय देता. गाडीत बाबा ११ डिसेंबर १९६७ची पहाट सांगताहेत. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटणला मामाकडे होते, वय दहा. ‘‘आधी आवाज आला,’’ ते नातीला सांगतात, ‘‘हलणं नंतर.’’ ते कुठल्या रात्रीबद्दल बोलताहेत, असा तुम्हाला क्षणभर घोळ पडतो.

फाटकातून आत शिरलात की दोन्ही बाजूंना लॉजपोल पाइनची दाट भिंत. झाडं सगळी एका उंचीची, एका जाडीची, जणू कुणी एकाच दिवशी लावली. लावली कुणी नाहीत, पण उगवली मात्र साधारण एकदमच. हे पुढे कळेल. यलोस्टोनचा पसारा ८,९८३ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या सातारा जिल्ह्याहून थोडासा कमी. हा आकडा ऐकल्यावर आई पहिल्यांदा खिडकीबाहेर नीट बघू लागते.

मॅडिसन जंक्शनला दोन नद्या मिळून तिसरी होते. इथे उतरलात तर १८७०चा सप्टेंबर. वॉशबर्न यांच्या तुकडीतले लोक शेकोटीभोवती बसलेत. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या शाळांत सांगितलं जायचं की, याच शेकोटीशी कुणीतरी म्हणालं, ही जमीन कुणा एकाच्या मालकीची होऊ नये, सगळ्या देशाची राहावी, आणि तिथेच राष्ट्रीय उद्यान ही कल्पना जन्माला आली. तुम्ही कान देऊन ऐकता. बोलणं चाललंय ते ट्रूमन एव्हर्ट्सबद्दल. चोपन्न वर्षांचा, दृष्टी अधू असलेला हा गडी दहाएक दिवसांपूर्वी वाट चुकला, त्याचा घोडा सामानासकट उधळला, आणि आता त्याला शोधणं सोडून परतायचं का, हा प्रश्न आहे. (एव्हर्ट्स सापडला, सदतीस दिवसांनी. काटेरी झुडपाची मुळं खाऊन आणि दुर्बिणीच्या भिंगानं जाळ पेटवून तो जगला होता.) उदात्त भाषण मात्र काही कानावर येत नाही. नदीचा आवाजही मोठा आहे. त्या वेळच्या कुणाच्याही रोजनिशीत ते भाषण नाही. ते येतं ते तुकडीतल्याच लँगफर्ड यांनी पस्तीस वर्षांनी छापलेल्या पुस्तकात. पुढे उद्यानाचेच इतिहासकार ऑब्री हेन्स यांनी या गोष्टीवर शंका घेतली, आणि ती फारशा लोकांना आवडली नाही. खरं म्हणाल तर नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला या भागात प्रवासी हवे होते, कंपनीच्या माणसांनी वॉशिंग्टनमध्ये शब्द टाकला, हेडन यांच्या १८७१च्या मोहिमेतून विल्यम हेन्री जॅक्सन यांचे फोटो आणि थॉमस मोरान यांची चित्रं काँग्रेसपुढे गेली, आणि १ मार्च १८७२ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली. मला यात काही कमीपणा वाटत नाही. चांगल्या गोष्टी अनेकदा तिकीटविक्रीच्या हिशेबातूनही होतात. शेकोटीची गोष्ट रंगवली ती कशासाठी, एवढंच बघण्यासारखं आहे. त्या गोष्टीत ही जमीन रिकामी असते.

ती रिकामी नव्हती, हे कळायला पुढच्या थांब्यापर्यंत यावं लागतं. दक्षिणेकडे थोडं गेलात की एका ओढ्यावर पाटी दिसते: नेझ पर्स क्रीक. इथे पोह्यांसाठी थांबायचं ठरलंय. आई कांदा चिरतेय. तुम्ही बाहेरच्या लाकडी बाकावर ताटल्या मांडायला म्हणून उतरता.

२४ ऑगस्ट १८७७. पहाटेचं धुकं. उद्यान होऊन पाच वर्षं झालीत. बाकाच्या जागी एक घोडागाडी आणि तंबू आहे. एमा कोवन आणि जॉर्ज कोवन यांच्या लग्नाचा आज दुसरा वाढदिवस. बरोबर एमाची तेरा वर्षांची बहीण आयडा, भाऊ आणि काही मित्र. ही मंडळी मोन्टानाहून सहलीला आलेली. आज परत निघायचं. तेवढ्यात धुक्यातून घोडेस्वार दिसू लागतात. दोन, मग पाच, मग मोजता येत नाहीत.

हे नेझ पर्स लोक. साधारण आठशे माणसं, त्यांत बायका, म्हातारेकोतारे, तान्ही मुलं, आणि दोन हजारांवर घोडी. ओरेगॉनातल्या आपल्या वॅलोवा खोऱ्यातून त्यांना छोट्या राखीव प्रदेशात ढकललं जात होतं. जूनमध्ये ठिणगी पडली आणि तेव्हापासून जनरल हॉवर्ड यांची फौज त्यांच्या मागावर आहे. पंधराच दिवसांपूर्वी, ९ ऑगस्टला, बिग होलच्या मुक्कामावर सैन्यानं पहाटे झोपेत हल्ला केला. मेलेल्यांत बायकामुलंच जास्त. त्यामुळे धुक्यातून येणाऱ्या या तरुण स्वारांच्या चेहऱ्याकडे बघताना तुम्हाला दोन गोष्टी एकाच वेळी समजतात. सहलीला आलेल्या या बाईचा काही दोष नाही. आणि समोरच्या पोरानं पंधरवड्यापूर्वी आपली माणसं पुरलीत.

पुढचं फार भराभर होतं. मंडळींना बरोबर चालायला लावतात, घोडे घेतात, सोडतात, पुन्हा अडवतात. जॉर्जच्या मांडीत गोळी लागते, तो खाली पडतो. एमा त्याच्या अंगावर ओणवी होते. तिला मागे ओढून कुणीतरी त्याच्या डोक्यावर पिस्तूल झाडतं. तिला आणि आयडाला घेऊन तांडा पुढे जातो. दोघींना पुढे काही इजा न करता सोडून देण्यात आलं. जॉर्ज मेला नव्हता. तो रांगत रांगत मैलोन्मैल मागे गेला आणि हॉवर्ड यांच्या माणसांना सापडला. कवटीवर चपटी झालेली ती गोळी त्यानं पुढे घड्याळाच्या साखळीला लावून मिरवली.

नेझ पर्स हे उद्यान ओलांडून गेले. कॅनडाची हद्द चाळीसेक मैलांवर असताना, बेअर पॉ डोंगराशी, ५ ऑक्टोबरला चीफ जोसेफ यांनी शस्त्र खाली ठेवलं. त्यांना घरी न सोडता आधी कॅन्ससला आणि मग ओक्लाहोमाकडच्या प्रदेशात नेऊन टाकलं. उद्यानाचे तेव्हाचे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांना चिंता वेगळीच होती: पर्यटक घाबरतील. मग एक समजूत रूढ झाली आणि बरीच टिकली. आदिवासी या उकळत्या झऱ्यांना भुताटकी समजून भितात, इकडे फिरकतच नाहीत. त्या झऱ्यांच्या काठाकाठानं त्यांच्या चुलींच्या जागा सापडल्या आहेत.

वर चढलात की पोह्यांवर ओलं खोबरं पडतंय. लेक विचारते, ‘‘ताटल्या कुठेत?’’

ओल्ड फेथफुल या उसळत्या झऱ्यापाशी पार्किंगमध्ये आरव्ह्यांची वेगळी रांग आहे. गाडी तीत घालणं हा स्वतंत्र पराक्रम. मागून बाबा हातवारे करतात ते एसटी डेपोत कंडक्टर करायचा तसे, आणि तुम्हाला आरशात त्यांची फक्त टोपी दिसते. समुद्रसपाटीपासून ही जागा २,२४० मीटरवर. इथे पाणी ९३ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात शिजता शिजत नाही, आणि पुण्याहून बॅगेत घालून आणलेल्या कुकरचं महत्त्व घरातल्या सगळ्यांना एकदम पटतं. गंमत म्हणजे बाहेर जे चाललंय तेही कुकरचंच काम. जमिनीखालच्या नळीत खोलवर तापलेलं पाणी उकळबिंदूच्या कितीतरी वर गेलेलं असतं, पण डोक्यावरच्या पाण्याच्या ओझ्यामुळे त्याला वाफ होता येत नाही. ओल्ड फेथफुलच्या नळीला सुमारे २२ फुटांवर गळा आहे, जेमतेम चार इंच रुंद. वरचं थोडं पाणी सांडलं की ओझं हलकं होतं आणि खालचं सगळं एका दमात वाफ होऊन सुटतं. शंभर ते एकशे ऐंशी फूट. मधला वेळ साधारण दीड तास. पूर्वी तो याहून बराच कमी होता. १९५९च्या त्या रात्रीनं आणि १९८३मध्ये आयडाहोत झालेल्या भूकंपानं नळ्यांची आतली वाट हलवली आणि वेळापत्रक लांबलं. त्या रात्रीनंतर इथले २८९ झरे उसळले, असं मोजलं गेलं, आणि त्यांतले १६० पूर्वी कधी उसळल्याची नोंद नव्हती.

आई हात जोडते. मग म्हणते, ‘‘अहो, एवढं गरम पाणी, आणि अंघोळ कुणालाच नाही?’’ वज्रेश्वरीला, गणेशपुरीला, राजापूरच्या उन्हाळ्याला कुंड बांधलं, शेजारी देव बसवला, लोकांनी अंगाला पाणी लावलं. इथे कठड्यापलीकडे पाऊल टाकलं तर दंड. पातळ कवचाखाली उकळता ॲसिडचा डोह असू शकतो, आणि त्यात पडून माणसं मेलीत. आईचं समाधान होत नाही. १८८२ साली इथे आलेल्या जनरल शेरिडन यांच्या सैनिकांनी मात्र ओल्ड फेथफुलच्या तोंडात आपले मळके कपडे टाकून ठेवले होते, ते धुऊन वर आले, हे तिला सांगितल्यावर ती हसते.

इथे तुम्ही उतरता ती ७ सप्टेंबर १९८८ची दुपार. तीन वाजले असतील, पण दिवेलागण झाल्यासारखं आहे. पश्चिमेचं आकाश नारिंगी. जूनपासून उद्यानात वणवे जळताहेत. १९७२पासून धोरण असं की, विजेनं लागलेली आग आपोआप विझू द्यायची. आग ही जंगलाचीच एक गोष्ट आहे, हे कळायला शंभर वर्षं लागली होती. पण हा उन्हाळा नोंदीतला सगळ्यात कोरडा. शिवाय हा समोरचा वणवा विजेचा नाहीच. २२ जुलैला हद्दीबाहेर लाकूड तोडणाऱ्या कुणाच्या तरी सिगारेटनं तो लागला, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्याशी झुंज चालली आहे. वारा आता तोफेच्या गोळ्यांसारखे निखारे फेकतोय. १९०४ साली रॉबर्ट रीमर यांनी ओंडक्यांतून बांधलेलं ओल्ड फेथफुल इन समोर आहे. आत पाचशे टन दगडाची चूल असलेलं, सात मजले उंच दिवाणखान्याचं लाकडी हॉटेल. छपरावरून पाण्याचे फवारे सोडलेत. अग्निशामक दलाचा एक जवान तोंडाला ओला रुमाल बांधून धावत जातो. आणि बाकांवर, तुम्ही नीट बघा, अजूनही काही पर्यटक कॅमेरे सरसावून गीझर उसळायची वाट बघताहेत.

मागच्या काही केबिनी जळाल्या. इन वाचलं. ११ सप्टेंबरला बर्फ भुरभुरलं आणि पंचवीस हजार माणसांना, बारा कोटी डॉलरना जे जमलं नव्हतं ते पाव इंच बर्फानं केलं. उद्यानाचा ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला होता. वर्तमानपत्रांनी यलोस्टोनचे मृत्युलेख लिहून टाकले. पण लॉजपोल पाइनचे काही शंकू राळेनं घट्ट मिटलेले असतात आणि ते उघडायला आगीचीच आच लागते. फाटकाशी दिसलेली ती एका उंचीची झाडं, ती या उन्हाळ्याची लेकरं.

फिशिंग ब्रिजला मुक्काम. इथल्या आरव्ही पार्कात तंबूला परवानगी नाही, कापडी भिंतींच्या ट्रेलरलाही नाही. कडक भिंतीच हव्यात, कारण ग्रिझली. तुम्ही गाडी फळ्यांवर चढवून समतल करता, वीज जोडता, पाणी जोडता, आणि मग हातमोजे घालून ती नळी जोडता जिच्याबद्दल सहलीचे फोटो टाकणारा कुणी कधी बोलत नाही. शेजारच्या गाडीतले आजोबा न विचारता टॉर्च धरून उभे राहतात. आरव्हीवाल्यांची ही जात जुनी आहे. १ ऑगस्ट १९१५ला उद्यान मोटारींना खुलं झालं, तोपर्यंत ऐपतवाले लोक रेल्वेनं यायचे, घोडागाडीनं हॉटेलांमधून फिरायचे. त्यांना इथले नोकरलोक ‘ड्यूड’ म्हणत. स्वतःचा शिधा, स्वतःचं अंथरूण घेऊन झुडपात मुक्काम टाकणारे ते ‘सेजब्रशर’. मोटार आली आणि दोन वर्षांत घोडागाड्या गेल्या. सेजब्रशर जिंकले. रात्री चूल पेटवून पिठलं रटरटतं तेव्हा तुम्ही त्यांच्याच वंशातले.

ग्रिझलींना इथे माणसाची इतकी सवय कशी लागली, ते दुसऱ्या दिवशी कॅन्यनच्या वाटेवर कळतं. ऑटर क्रीकपाशी उतरा. १९३०च्या दशकातली संध्याकाळ. टेकडीच्या उतारावर लाकडी बाकं, सिनेमाला बसावेत तसे शेकडो लोक. समोर सिमेंटच्या ओट्यावर हॉटेलचं उष्टं ओतलं जातं. घोड्यावर बसलेला रेंजर माहिती सांगतोय. रानातून अस्वलं येतात, एक, दोन, मग डझनावारी, एकमेकांवर गुरगुरत. बायका हसताहेत, मुलं टाळ्या पिटताहेत. हा तमाशा १९४१च्या सुमारास बंद झाला, उकिरडे मात्र १९७०पर्यंत चालूच होते. ते एकदम बंद केल्यावर भुकेली अस्वलं कॅम्पात शिरू लागली, मारली गेली, इतकी की १९७५मध्ये ग्रिझलीला संरक्षित यादीत घालावं लागलं.

पण फिशिंग ब्रिजचा खरा थांबा पेलिकनच्या खोऱ्यात आहे. मार्च १८९४, गुडघाभर नव्हे, छातीभर बर्फ. लाकडी लांब पट्ट्या पायाला बांधून फेलिक्स बर्जेस नावाचा लष्कराचा टेहळ्या उघड्या माळावरून सरकतोय. चारशे यार्डांवर एक माणूस वाकून मेलेल्या बायसनचं कातडं सोलतोय. त्याची बंदूक हाताच्या अंतरावर नाही, कुत्रा पायाशी निजलाय, वारा बर्जेसच्या तोंडावरचा. कुत्र्याला वास लागत नाही. सोलणारा मान वर करतो तेव्हा पिस्तूल समोर असतं. हा एडगर हॉवेल. एका मुंडक्याला शेकडो डॉलर मिळायचे, आणि अख्ख्या देशात मोकळे रानटी बायसन जवळपास इथेच उरले होते. गंमत अशी की, त्याला पकडल्यावर करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. उद्यान होऊन बावीस वर्षं झाली होती, शिकारीला शिक्षा सांगणारा कायदाच नव्हता. हाकलून द्यायचं, एवढंच. योगायोगानं एमर्सन हफ नावाचे पत्रकार तेव्हा उद्यानातच होते. त्यांची बातमी गेली, आणि आयोवाचे खासदार जॉन लेसी यांनी विधेयक पुढे रेटलं. लेसींना इथली बेबंदशाही स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होती. १८८७मध्ये याच उद्यानात त्यांची घोडागाडी दरोडेखोरांनी लुटली होती. ७ मे १८९४ला कायदा झाला. तरी १९०२मध्ये इथे तेवीसेक बायसन उरले होते. आज हेडन खोऱ्यात रस्ता अडवून उभा राहिलेला कळप बघून आई ‘‘गवे, गवे’’ म्हणत लेकीला खिडकीशी ओढते, आणि अर्धा तास गाडी जागची हलत नाही.

नॉरिस जंक्शन ओलांडून उत्तरेला निघालात की रानातून एक काळा कडा पुढे येतो: ऑब्सिडियन क्लिफ. सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाचाच, पण तो खडबडीत, पोटात हवेचे फुगे धरून बसलेला. इथला लाव्हा थिजून काच झालाय, काळी, धारेला वस्तऱ्यासारखी. तुकडा उचलायला बंदी आहे. १८७८मध्ये उतरलात तर नॉरिस यांचे मजूर कड्याच्या पायथ्याशी धडधडून जाळ करताहेत आणि तापलेल्या काचेवर गार पाणी फेकताहेत. काच तडकते, तिचे ढीग फोडून रस्त्यात भरतात. पण परत चढून पुन्हा उतरा. या वेळी सालाला आकडा नाही. तुडतुडीत अंगाचा एक माणूस मांडीवर कातडं पसरून त्याच काचेचं पातं घडवतोय, हरणाच्या शिंगाच्या टोकानं एकेक टवका उडवत. प्रत्येक टवक्याला बारीक किणकिण. शेजारी बिगहॉर्न मेंढ्याचं शिंग गरम झऱ्यात मऊ करून त्याचं धनुष्य वळवायला ठेवलंय. ही टुकुडिका मंडळी, शोशोन लोकांपैकी, मेंढ्याच्या शिकारीवर जगणारी. या कड्याची पाती दोन हजार वर्षांपूर्वी ओहायोतल्या थडग्यांपर्यंत, अडीच हजार किलोमीटरवर, पोहोचली होती. अकरा हजार वर्षांची ही खाण. तिच्यावरचा शेवटचा हक्क १८७९पर्यंत संपला, टुकुडिकांना विंड रिव्हर आणि इतर राखीव प्रदेशांत हलवून. आज सत्तावीस जमाती यलोस्टोनशी आपलं नातं सांगतात.

अशा वेळी आपली ताडोबातली बोटेझरी, नवेगाव, जामणी आठवतात. वाघांसाठी गावं उठली, रान दाट झालं, वाघ वाढले. तळ्याकाठी तारूचं ठाणं राहिलं, ज्याच्यावरून रानाला नाव पडलं. आपण जिप्सीतून वाघ बघून परतताना ‘किती निर्मनुष्य!’ म्हणतो, तेव्हा ते निर्मनुष्य असणंही कुणीतरी केलेलं काम असतं. यलोस्टोनला ते सगळ्यात आधी झालं आणि मग जगभर नमुना म्हणून गेलं.

मॅमथला आता एल्क हिरवळीवर बसून रवंथ करताहेत, त्यांच्यामागे लष्करी बराकी. पहिल्या अधीक्षकाला पगारच नव्हता, तो उद्यानात क्वचितच आला. लूटमार वाढली तेव्हा १८८६मध्ये घोडदळ आलं आणि १९१८पर्यंत राहिलं. त्या जवानांचा एक उपाय मला फार आवडतो. झऱ्यांच्या पांढऱ्या कवचावर नाव कोरणारा पर्यटक हुडकून परत आणायचा, हातात ब्रश आणि साबण द्यायचा, आणि नाव स्वतःच्या हातानं घासून काढायला लावायचं. रायगडापासून अजिंठ्यापर्यंत दगडात बदाम कोरणाऱ्या आपल्या वीरांसाठी ही योजना आजही लागू करावी. बाबा म्हणतात, साबण आपण पुरवू.

उत्तरेला गार्डिनरमध्ये पन्नास फुटी दगडी कमान आहे. मोठ्या आरव्हीला तिच्याखालून जाणं जिकिरीचं, म्हणून गाडी अलीकडे लावायची. उतरता: २४ एप्रिल १९०३, थिओडोर रूझवेल्ट पायाचा दगड बसवताहेत, गर्दी टोप्या उडवतेय. कमानीवर कोरायचे शब्द १८७२च्या कायद्यातले आहेत, लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी. लांडगे त्या लोकांत धरलेले नव्हते. १९१४ ते १९२६ या काळात उद्यानाच्याच माणसांनी निदान १३६ लांडगे मारले. शेवटचे दोन बच्चे १९२६मध्ये सोडा ब्यूटपाशी. मग एल्क इतके माजले की रेंजरांना बंदुका घेऊन तेही मारावे लागले.

लेक हाक मारते, तुम्ही चढता, तिची पाण्याची बाटली घेऊन पुन्हा उतरता. १२ जानेवारी १९९५, सकाळची थंडी, शाळकरी मुलांच्या दोन रांगा आणि कमानीखालून येणारा ट्रक. मागच्या ट्रेलरमध्ये ॲल्युमिनियमच्या पेट्यांत अल्बर्टाहून आणलेले लांडगे. पेट्या लगेच उघडल्या जात नाहीत. न्यायालयाचा मनाईहुकूम आलाय, आणि तो उठेपर्यंत लांडगे खुराड्यातच, रात्री उशिरापर्यंत. मग दहा आठवडे कुंपणाच्या आवारात. २१ मार्चला पहिलं फाटक उघडलं, तर एकही बाहेर पडेना. दिवस गेले तरी ते फाटकाकडे फिरकले नाहीत, कारण त्याच वाटेनं माणसं मांस टाकायला यायची. शेवटी शास्त्रज्ञांनी मागच्या बाजूनं कुंपणाची जाळी कापली, बाहेर हरणाचं मढं टाकलं आणि निघून गेले.

‘‘मग गेले ते?’’ लेक विचारते. तिला तुम्ही हे कधी सांगू लागलात, तुमच्याही लक्षात आलेलं नाही. ‘‘गेले,’’ बाबा मधेच म्हणतात, ‘‘भोकातून.’’ त्यांनी हे कुठे वाचलं, विचारायला हवं. आई पट्टा लावायला सांगते. टाकी रिकामी करायची राहिलीय, आणि गार्डिनरातलं ते ठिकाण लवकर बंद होतं.